बदलाच्या काळात कर्मचाऱ्यांचा छोटा सर्व्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यात किंवा ऑफिसात मोठा बदल सुरू असताना कर्मचाऱ्यांचे छोटे सर्व्हे घेण्याचं काम मी करते. जागा हलते, नवीन ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) येतं, पाळ्यांच्या वेळा बदलतात, दोन विभाग एक होतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशा भागांतून एचआरवाले, सुपरवायझर आणि कामगार प्रतिनिधी मला तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. ते इथे त्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. बरीचशी उदाहरणं एकाच कामातली आहेत: पिंपरीतून चाकणला हललेला एक इंजिनिअरिंग कारखाना, ४२० माणसं, दोन पाळ्या आणि जनरल शिफ्ट. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

१. पल्स सर्व्हे म्हणजे काय? आमचा वार्षिक सर्व्हे होतोच की.

पल्स म्हणजे नाडी. तीन ते पाच प्रश्न, दोन मिनिटांत उत्तरं, आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा. वार्षिक सर्व्हेत पन्नास-साठ प्रश्न असतात, अहवाल यायला दोन महिने जातात आणि तोवर बदलाचा सगळ्यात कठीण काळ सरलेला असतो. वार्षिक सर्व्हे बंद करू नका. पण नवीन जागेत पहिल्या आठवड्यात काय अडलं, हे त्यातून कधीच वेळेवर कळणार नाही.

२. लोक आधीच वैतागलेले असतात. त्यात प्रश्न कशाला विचारायचे? उलट जखमेवर मीठ.

लोक बोलतच असतात. कँटीनमध्ये, बसमध्ये, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. ते बोलणं निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोचतं का, एवढाच प्रश्न आहे.

चाकणच्या कामात पहिल्या आठवड्याच्या सर्व्हेच्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आम्हाला नवीन मशीनबद्दल तक्रारी असतील असं वाटलं होतं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या बसबद्दल होत्या. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून पहाटे निघायची, आणि दुचाकी नसलेल्या माणसाने तिथवर पोचायचं कसं, याचा विचार कुणीच केला नव्हता. असे लोक रिक्षाला स्वतःचे पैसे घालत होते. सुपरवायझरला हे माहीत होतं, पण ‘हा माझा विषय नाही’ म्हणून त्याने वर सांगितलं नव्हतं. असं काही महिनाभर दबून राहिलं की त्याचा राग मशीनवर, क्वालिटीवर आणि हजेरीवर निघतो.

जखमेवर मीठ पडतं ते विचारल्यामुळे नाही, विचारून गप्प बसल्यामुळे. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

३. किती प्रश्न ठेवायचे आणि किती दिवसांनी घ्यायचा?

पाचाच्या वर जाऊ नका. त्यातले दोन प्रश्न दर वेळी शब्द न बदलता तेच ठेवा, म्हणजे मागच्या वेळेशी तुलना करता येते. बाकीचे त्या टप्प्याप्रमाणे बदला. पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, हा क्रम बहुतेक ठिकाणी झेपतो. त्यावर माझी एक अट असते: मागच्या सर्व्हेचं उत्तर नोटीस बोर्डावर लागल्याशिवाय पुढचा सर्व्हे काढायचा नाही. अट पाळता येत नसेल तर अंतर वाढवा.

तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. बोनसचा आकडा जाहीर होतो तो आठवडा, पगारवाढीची पत्रं मिळतात तो आठवडा, पगारवाढीच्या कराराची बोलणी सुरू असतात ते दिवस टाळा. गणपतीत कोकणातली माणसं गावी असतात, जूनमध्ये पेरणीसाठी बरेच जण रजा टाकतात. अशा वेळी उत्तरं येतात ती उरलेल्यांची.

४. नेमके कोणते प्रश्न विचारायचे? तयार यादी द्या ना.

तयार यादी उचलून लावली की लोकांना लगेच कळतं की हे दुसऱ्या कंपनीतून आणलंय. क्रम कसा लावायचा ते मात्र सांगता येतं. जेफ हायट यांचं ‘अ‍ॅडकार’ नावाचं मॉडेल एचआरवाल्यांना माहीत असतं. त्यात पाच पायऱ्या आहेत: बदल का होतोय हे कळणं, तो व्हावा असं वाटणं, कसा करायचा ते शिकणं, प्रत्यक्षात जमणं, आणि जमलेलं टिकणं. माणूस ज्या पायरीवर आहे, त्या पायरीचा प्रश्न विचारायचा. का जायचं हेच ज्याला कळलेलं नाही, त्याला प्रशिक्षण कसं वाटलं हे विचारून काय मिळणार?

जागा हलण्याआधी आम्ही विचारलं: ‘आपण चाकणला का जातोय, हे तुम्हाला कुणी समोर बसून सांगितलं का?’ पहिल्या आठवड्यात: ‘कामाला लागणारी हत्यारं, गेज (माप तपासायचं साधन) आणि ड्रॉइंग आज जागेवर मिळाली का?’ आणि ‘घरून निघाल्यापासून गेटवर पोचायला किती वेळ लागला?’ महिन्याने: ‘काही अडलं तर कुणाला सांगायचं, हे तुम्हाला माहीत आहे का?’ हे सगळे प्रश्न माणसाने स्वतः पाहिलेल्या, स्वतःच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीबद्दल आहेत. ‘बदलाबाबत तुमचा दृष्टिकोन कितपत सकारात्मक आहे?’ असं विचारलं की लोक साहेबाला काय आवडेल ते लिहितात.

एक प्रश्न मोकळा ठेवा: ‘या आठवड्यात कुठे अडलं? एकच गोष्ट लिहा.’ शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखतकार ठरलेले प्रश्न विचारत होते, पण कामगार ते सोडून स्वतःला जे बोलायचं त्यावरच येत. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांना सांगावं लागलं की प्रश्न बाजूला ठेवा आणि ऐका. आपल्या यादीबाहेरचा विषय येण्यासाठी ती एक रिकामी ओळ लागतेच.

५. ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ…’ हे पर्याय मराठीत असेच ठेवायचे ना?

कृपा करून नको. पाच पर्यायांची ही पट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. पट्टी चांगली आहे, आपण तिचं सरकारी भाषांतर केलं. एका लाइनवर फॉर्म भरून घेताना एक जुने फिटर पेन हातात धरून बराच वेळ थांबले आणि त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, तटस्थ म्हणजे कुणाच्या बाजूने?’ त्यांनी हा शब्द फक्त युनियनच्या भांडणात ऐकला होता. तटस्थ राहिलेला माणूस म्हणजे कुंपणावरचा माणूस. तिथे खूण करायला ते तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी पर्याय असे लिहिते: ‘हो, पूर्ण’, ‘बऱ्यापैकी’, ‘थोडंफार’, ‘फारसं नाही’, ‘अजिबात नाही’. मोजताना यांना ५ ते १ गुण देतात. शिवाय वेगळी चौकट: ‘मला लागू नाही’. ही चौकट नसेल तर रजेवर असलेला माणूसही मधल्या पर्यायावर खूण करतो आणि तुमची सरासरी बिघडते.

प्रश्नाची भाषाही तशीच. ‘सदर बदलाबाबत आपणांस पुरेशी माहिती प्राप्त झाली आहे काय?’ ही नोटिशीची भाषा आहे, आणि नोटिशीला माणूस जपून उत्तर देतो. ‘बदल काय आहे, हे तुम्हाला नीट सांगितलं का?’ असं लिहा. एका वाक्यात दोन प्रश्न कोंबू नका. ‘ट्रेनिंग वेळेवर आणि उपयोगी होतं का?’ याला ‘नाही’ आलं तर वेळ चुकली की ट्रेनिंग, हे कसं कळणार?

६. आमच्याकडे मराठी, हिंदी आणि ओडिया बोलणारे लोक आहेत. फॉर्म कुठल्या भाषेत?

ज्या भाषेत माणूस घरी फोनवर बोलतो, त्या भाषेत. तीन भाषांचे तीन फॉर्म करा, पण छापण्याआधी प्रत्येक भाषेतल्या दोन-तीन कामगारांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. अडखळले तर वाक्य बदला. ‘सपोर्ट’चं ‘आधार’ केलं तेव्हा काही जणांना आधार कार्ड आठवलं, हे मला अशाच वाचनात कळलं. मराठी फॉर्मवर ‘सुपरवायझर मदत करतो का?’ हेच सगळ्यांना कळलं.

ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी प्रश्न ७ मधली टोकनची पद्धत चालते. सुपरवायझरने वाचून दाखवून फॉर्म भरून घेणं मात्र अजिबात नको.

७. लाइनवरच्या माणसांकडे कंपनीचा ईमेल नाही आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मग घ्यायचा कसा?

कागद आणि पेटी. हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात विश्वासाचं. पाव पानाची चिठ्ठी, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन (नाहीतर हिरव्या पेनचा माणूस कोण ते सगळ्यांना माहीत असतं), आणि कुलूपबंद पेटी. चिठ्ठ्या कामाच्या वेळेत भरायला द्या. पाळी सुटल्यावर बस गाठायची असते, तेव्हा कुणी थांबत नाही.

एकच प्रश्न असेल तर टोकन चांगलं. यात माझी एक चूक झाली, ती सांगते. कँटीनमध्ये हात धुवायच्या जागेजवळ आम्ही तीन पारदर्शक बरण्या ठेवल्या: ठीक चाललंय (हिरवी), मधलं, त्रास होतोय (लाल). पहिल्या चार-पाच जणांनी हिरव्या बरणीत टोकन टाकलं. सहावा माणूस आला, त्याने बरण्यांकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हिरव्यातच टाकलं. संध्याकाळपर्यंत लाल बरणी जवळजवळ रिकामी होती, आणि त्याच आठवड्यातल्या चिठ्ठ्या तक्रारींनी भरलेल्या होत्या.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येकाला तीन रंगांची तीन टोकनं दिली. पडद्यामागे दोन पत्र्याच्या बंद पेट्या. एकीत आपलं मत टाकायचं, दुसरीत उरलेली दोन टोकनं. मूठ मिटून आत जायचं आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचं. सगळा फरक त्या पडद्याने पडला.

मोबाइल बाहेर चालत असेल तर क्यूआर कोड बसच्या सीटमागे लावा. प्रवासात वेळही असतो आणि शेजारी साहेब नसतो.

८. फॉर्म निनावी आहे असं लिहिलं तरी लोकांचा विश्वास बसत नाही. काय करू?

आधी तो खरोखर निनावी आहे का ते तपासा. निनावी म्हणजे कुणी लिहिलं हे कुणालाच कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे कुणाला तरी कळतं, पण तो सांगणार नाही. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरणं ही फसवणूकच होते, मग हेतू चांगला असला तरी.

गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद आहे का पाहा. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये संस्थेतल्या लोकांसाठी फॉर्म काढला तर नाव नोंदवण्याचा पर्याय असतो, तो काढा. गुगल फॉर्मच्या शीटमध्ये प्रत्येक उत्तरापुढे वेळ पडते. रात्री सव्वा दोन वाजता उत्तर देणारे तुमच्याकडे दोनच जण असतील, तर निनावीपण तिथेच संपलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल घेतला तर कुणी काय निवडलं ते ग्रुपला दिसतं, म्हणून तो रस्ता या कामासाठी बंदच समजा.

मग फॉर्मच्या वर सरळ लिहा: ‘नाव विचारलेलं नाही. विभाग विचारला आहे. उत्तरं एचआरमधले दोघे पाहतील. चिठ्ठ्या अमुक तारखेला नष्ट होतील.’ नाव किंवा मोबाइल नंबर घेऊन कंप्युटरवर ठेवत असाल तर तो २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याखालचा वैयक्तिक डेटा होतो. गरज नसेल तर घेऊच नका.

९. आमच्या टूलरूममध्ये थोडीच माणसं आहेत. विभागवार निकाल दाखवायचा का?

पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका, त्याला शेजारच्या विभागात मिळवा. भीतीचं वातावरण असेल तर ही मर्यादा दहा करा.

पण एवढ्याने भागत नाही, कारण वजाबाकी करून लपवलेला आकडा बाहेर काढता येतो. टूलरूममध्ये १४ जण आहेत असं धरा: ११ पुरुष, ३ महिला. तुम्ही पूर्ण विभागाची सरासरी ३.५ दाखवली आणि पुरुषांची ४. महिला तीनच म्हणून त्यांचा आकडा झाकला. आता १४ गुणिले ३.५ म्हणजे ४९. त्यातून पुरुषांचे ४४ वजा केले की उरले ५. तीन महिलांनी मिळून १५ पैकी ५ गुण दिले, हे कॅल्क्युलेटर असलेल्या कुणालाही कळलं. एक गट लपवायचा असेल तर त्याच्या जोडीचा गटही लपवावा लागतो.

आणि मोकळी उत्तरं जशीच्या तशी बोर्डावर लावू नका. बोलण्याच्या लकबीवरून माणूस ओळखू येतो. मुद्दा ठेवा, वाक्य बदला. ते तीन महिलांचे ५ गुण मात्र विसरू नका. आकडा झाकला म्हणजे त्रास संपला नाही.

१०. किती टक्के लोकांनी भरलं तर सर्व्हे धरता येतो?

एकच आकडा शोधू नका. कुणी भरलं नाही ते पाहा. समजा जनरल शिफ्टच्या १०० पैकी ८० जणांनी भरला, पहिल्या पाळीच्या १६० पैकी ६० आणि दुसऱ्या पाळीच्या १६० पैकी ४०. एकूण ४२० मधले १८०, म्हणजे ४३ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण यातली सगळ्यात जास्त मतं जनरल शिफ्टची, म्हणजे ऑफिसातल्या लोकांची आहेत, आणि बदलाचा भार दुसऱ्या पाळीवर आहे, जिथून चारांपैकी एकानेच तोंड उघडलं. अशा वेळी पाळीवार आकडे वेगवेगळे ठेवा आणि दुसऱ्या पाळीत जाऊन समोरासमोर बोला.

एका फेरीपासून दुसऱ्या फेरीत प्रतिसाद घटत गेला, तर ती घट हेच या सर्व्हेचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर माना.

११. उत्तरं फार वाईट आली. साहेब म्हणतात, हे बाहेर काढू नका. काय करू?

साहेबांना सांगा की ज्यांनी लिहिलंय त्यांना ते आधीच माहीत आहे. तुम्ही लपवताय ते फक्त एवढंच की तुम्ही वाचलंत.

मी याबाबतीत फार आग्रही आहे, कारण हे बिघडलेलं मी जवळून पाहिलं आहे. एका ठिकाणी आम्ही बस किती वाजता हवी असं विचारलं. लोकांनी मनापासून लिहिलं, काहींनी मुलांच्या शाळेची वेळही लिहिली. नंतर मला कळलं की बसचं कंत्राट पंधरा दिवस आधीच झालं होतं आणि वेळ बदलणं शक्यच नव्हतं. मी ते आधी विचारायला हवं होतं. पुढच्या फेरीत पेटीत कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. घडी घातलेल्या, नीट टाकलेल्या, पण कोऱ्या. तेव्हापासून कुठलाही प्रश्न फॉर्मवर घेण्याआधी मी व्यवस्थापनाला विचारते: याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तुम्ही काय बदलू शकता? काहीच नाही, असं उत्तर आलं तर प्रश्न काढून टाकते.

सात दिवसांच्या आत बोर्डावर एक कागद लावा. तीन रकाने पुरतात: हे ऐकलं आणि केलं, किंवा अमुक तारखेपर्यंत करतोय. हे ऐकलं, पाहतोय, या माणसाकडे आहे. हे ऐकलं, पण करता येणार नाही, आणि का नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. ‘जमणार नाही’ हे कारणासकट सांगितलेलं लोक ऐकून घेतात. चाकणला जेवणाची सुट्टी वाढवता येणार नाही, हे आम्ही हिशेब मांडून लिहिलं आणि त्यावर पुढे तक्रार आली नाही. बसला मात्र दोन थांबे वाढवून मिळाले. त्या रकान्यापुढे सोमवारची तारीख होती आणि त्या सोमवारी बस तिथे थांबली.

१२. दुसऱ्या फेरीत आकडा घसरला. म्हणजे बदल फसला का?

लगेच तसं म्हणू नका. नव्या जागेत, नव्या सॉफ्टवेअरवर सुरुवातीला हात बसलेला नसतो, तेव्हा आकडा उतरतो. आधी किती माणसांमुळे उतरला ते मोजा. चाळीस जणांच्या विभागात एक माणूस म्हणजे अडीच टक्के. दोघांचं मत बदललं की पाच टक्क्यांची ‘घसरण’ दिसते आणि मीटिंगमध्ये तासभर त्यावर चर्चा होते.

वाढलेल्या आकड्याकडे जास्त संशयाने पाहा. ५० जणांची सरासरी ३ होती, म्हणजे एकूण १५० गुण. त्यातले सगळ्यात नाराज ८ जण, ज्यांनी प्रत्येकी १ दिला होता, नोकरी सोडून गेले. उरलेल्या ४२ जणांचे १४२ गुण, सरासरी जवळजवळ ३.४. कुणाचंही मत बदललेलं नाही, फक्त त्रास झालेली माणसं गेली. म्हणून दर फेरीला किती जण सोडून गेले, तो आकडा शेजारी लिहा.

१३. आमच्याकडे सगळे पाचपैकी पाच देतात. आनंद मानायचा का?

फॉर्म कुणाच्या हातून वाटला गेला, ते आधी विचारा. सुपरवायझरने वाटला आणि त्यानेच गोळा केला असेल तर ते गुण त्याला दिलेले आहेत, बदलाला नाहीत. पुढच्या वेळी दुसऱ्या विभागातल्या माणसाकडून किंवा कामगार प्रतिनिधीकडून वाटप करा, पेटी वापरा (प्रश्न ७), आणि मताऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा (प्रश्न ४). ‘गेज जागेवर मिळालं का?’ याला खोटं ‘हो’ म्हणायला माणूस कचरतो, कारण नाही मिळालं हे शेजाऱ्यालाही माहीत असतं.

१४. हेड ऑफिस ई-एनपीएस मागतं. तो घ्यावा का?

घ्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. शून्य ते दहामध्ये गुण विचारतात: ‘ही कंपनी नोकरीसाठी ओळखीच्या माणसाला सुचवाल का?’ ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्क्यातून ० ते ६ देणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. ५० जणांत २० जणांनी ९-१० दिले, १५ जणांनी ७-८ आणि १५ जणांनी ६ किंवा कमी, तर ४० वजा ३०, म्हणजे अधिक १०.

अडचण आपल्या मार्कांच्या सवयीत आहे. दहावीत ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आपल्या माणसाने दहापैकी ६ दिले तर त्याने कंपनीला फर्स्ट क्लास दिलेला असतो, आणि सूत्र त्याला नाराज लोकांत टाकतं. त्यामुळे परदेशातल्या प्लांटशी तुलना करू नका. तुमच्याच मागच्या आकड्याशी करा.

१५. आमच्याकडे युनियन आहे. तिची परवानगी लागते का? आणि सर्व्हे घेतला म्हणजे बदलाची नोटीस दिली असं होतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाही, मुळीच नाही. कामाचे तास, पाळ्या, वेतन अशा कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या बाबी बदलायच्या असतील तर २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये ती होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ‘सर्व्हेत ७० टक्के लोक हो म्हणाले’ हे त्या नोटिशीची जागा घेत नाही. तुमच्या बदलाला नोटीस लागते का, हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारून घ्या.

पहिला भाग: सर्व्हेला युनियनला विचारायचं, कारण तिला वगळून काढलेला फॉर्म म्हणजे तिला बाजूला सारण्याचा डाव वाटतो, आणि बऱ्याचदा तो तसा असतोही. प्रश्नांचा मसुदा युनियनच्या कमिटीला आधी दाखवा. पेटीची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा. चिठ्ठ्या मोजताना त्यांचा एक माणूस बसवा. पगार आणि कराराचे विषय फॉर्मवर घेऊ नका, त्यांची जागा वाटाघाटीच्या टेबलावर आहे. युनियनबद्दलचं मत तर कधीच विचारू नका.

१६. कंत्राटी कामगार आणि अ‍ॅप्रेंटिस यांनाही विचारायचं का?

हो. मशीन तेही चालवतात आणि नवीन जागेची गैरसोय त्यांना जास्त लागते. फक्त त्यांचा फॉर्म कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या हाती देऊ नका आणि त्यांची उत्तरं कंत्राटदाराला दाखवू नका.

१७. चिठ्ठीत कुणीतरी छळाबद्दल लिहिलंय. फॉर्म निनावी आहे. आता?

इथे सर्व्हेचे नियम बाजूला ठेवायचे. लैंगिक छळाचा उल्लेख असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांना कळवा. लिहिणारी व्यक्ती कोण, हे शोधायला निघू नका. सगळ्यांना दिसेल असं समितीच्या सदस्यांची नावं, फोन आणि तक्रारीची पद्धत लावा. तक्रार करायला घटनेपासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते, तीही लिहा. लिहिणाऱ्या व्यक्तीला तो कागद आपल्यासाठी लागलाय हे कळेल.

मशीनचा गार्ड काढून काम चालतं, असं कुणी लिहिलं तर अहवालाची वाट पाहायची नाही. चिठ्ठी खिशात घालून थेट त्या मशीनवर जा. आणि जगणं नको झालंय, अशा अर्थाचं काही आलं, तर त्याच दिवशी सगळ्या पाळ्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६ सांगा, ‘कुणालाही गरज पडू शकते’ असं म्हणून. कुणाकडेही बोट न दाखवता.

१८. साहेबांनी विचारलं, ‘हे कुणी लिहिलंय तेवढं शोधून दे.’

नाही म्हणायचं. तेव्हा जड जातं, म्हणून सर्व्हे सुरू होण्याआधीच साहेबांकडून ‘उत्तर देणाऱ्याचा शोध घेतला जाणार नाही’ या ओळीखाली सही घेऊन ती बोर्डावर लावा. मग नकार तुमचा राहत नाही, त्यांच्या सहीचा होतो.

१९. कपात होणार आहे, पण अजून जाहीर केलेली नाही. लोकांचा अंदाज घ्यायला सर्व्हे काढू का?

काढू नका. जे तुम्हाला माहीत आहे आणि त्यांना नाही, त्याबद्दल लोकांकडून मोकळेपणा मागणं चुकीचं आहे. आधी सांगा, कायद्याने जे द्यायचं ते द्या, मग राहिलेल्यांना आणि जाणाऱ्यांना काय हवंय ते समोर बसून विचारा. नोकरी जाणाऱ्या माणसाच्या हातात पाच पर्यायांचा फॉर्म ठेवू नये.

२०. मी एचआर नाही, साधा कर्मचारी आहे. खरं लिहू का?

फॉर्मवर नाव, ईमेल किंवा टोकन नंबर (कामगाराचा हजेरी क्रमांक) मागितलाय का पाहा. कुणी वाटला आणि कुणी गोळा करणार ते पाहा. मागच्या वेळी लिहिलेल्याचं काही झालं का ते आठवा. हे ठीक वाटलं तर खरं लिहा, आणि माणसाऐवजी घडलेली गोष्ट लिहा: ‘सुपरवायझर वाईट आहे’ यापेक्षा ‘मंगळवारपासून क्रेन बंद आहे, दोनदा सांगितलं’. दुसऱ्या वाक्यावर कुणाला तरी काम करावंच लागतं. भरवसा वाटत नसेल तर कोरी चिठ्ठी टाका. तीही मोजली जाते, निदान मी तरी मोजते.

२१. सर्व्हे थांबवायचा कधी?

सलग तीन फेऱ्यांत मोकळ्या ओळीत नवीन मुद्दा आला नाही आणि बोर्डावर ‘करतोय’ लिहिलेलं सगळं ‘केलं’ झालं, की थांबवा आणि तसं जाहीर करा. न सांगता बंद केला तर लोकांना वाटतं की उत्तरं आवडली नाहीत. चाकणला आम्ही शेवटचा कागद बोर्डावर लावला, पेटी सगळ्यांसमोर उघडी करून दाखवली, आणि जुन्या चिठ्ठ्या कामगार प्रतिनिधींच्या समोर श्रेडरमध्ये घातल्या. पेटी आता कँटीनच्या दारापाशी सूचनांसाठी आहे. तिची एक किल्ली अजून कमिटीकडे आहे.